वाचक विचारतात : लूपचा सांधा ऐकू का येतो?

या वेळच्या पत्रांत एकच विषय परत परत आलाय, एखादी आवाजाची क्लिप सतत वाजत ठेवायची असेल, म्हणजे तिचा लूप करायचा असेल, तर प्रोग्रॅममध्ये नेमकं काय करायचं. वरवर एका ओळीचं काम वाटतं, आणि खरंच एक ओळ लिहिली की वाजायला लागतंही, पण मग कान लावून ऐकलं की जिथे क्लिप संपते आणि परत सुरू होते तिथे काहीतरी खटकतंच. मला हा विषय मनापासून आवडतो, त्यामुळे काही उत्तरं लांबलीत, ती तशीच राहू दिलीत.

प्रश्न : ताई, मी ब्राउझरमध्ये चालणारं, झोपताना लावायचं पावसाच्या आवाजाचं ॲप बनवतोय. ४० सेकंदांची एमपीथ्री आहे. ऑडिओ टॅगला लूप लावला तर दर ४० सेकंदांनी क्षणभर आवाज जातो. म्हणून लूप काढून 'एन्डेड' इव्हेंट आला की परत प्ले करायचं असं केलं, तर गॅप अजूनच वाढली. आणि एमपीथ्री एडिटरमध्ये उघडली तर सुरुवातीला थोडी शांतता दिसते, जी मी टाकलेलीच नाही! ती आली कुठून?

उत्तर : तुमच्याकडे दोन वेगळ्या भानगडी एकत्र झाल्यात, त्या आधी सुट्या करू.

ती शांतता एमपीथ्रीनेच टाकलीये. एमपीथ्रीमध्ये आवाज सलग साठवत नाहीत, १,१५२ सॅम्पलच्या फ्रेममध्ये साठवतात (सॅम्पल म्हणजे आवाजाच्या लाटेची एका क्षणाची मोजलेली किंमत, फ्रेम म्हणजे त्यांचा गठ्ठा), आणि अर्धी फ्रेम असा प्रकारच नसतो. तुमची क्लिप ४० सेकंदांची, सेकंदाला ४४,१०० सॅम्पल धरले तर १७,६४,००० सॅम्पल झाले, त्याला १,१५२ ने भागलं की १,५३१ फ्रेम भरून २८८ सॅम्पल उरतात, मग शेवटची फ्रेम पूर्ण करायला एन्कोडर, म्हणजे एमपीथ्री बनवणारा प्रोग्रॅम, ८६४ शून्यं भरतो. हे झालं शेपटाकडचं. तोंडाकडेही भर पडते, कारण एन्कोडर आणि डिकोडर (वाजवताना फाइल उलगडणारा) दोघंही आपापल्या गणितापायी आवाज थोडा पुढे ढकलतात. लेम नावाचा जो एन्कोडर बहुतेक ठिकाणी वापरतात तो नेहमीच्या सेटिंगला ५७६ सॅम्पल ढकलतो, डिकोडर ५२९, म्हणजे मिळून साधारण २५ मिलिसेकंद. (ही भर धरली की शेपटाकडचा ८६४ चा आकडाही बदलतो, पण शून्यं भरायचं काही टळत नाही.) लेम किती भर घातली ते फाइलच्या सुरुवातीला लिहून ठेवतो, पण समोरचा प्लेअर ते वाचून तेवढा भाग कापेलच याची खात्री नाही. एएसी या दुसऱ्या फॉरमॅटचंही तसंच, तिथे फ्रेम १,०२४ ची. म्हणून लूपसाठी मी एमपीथ्री वापरतच नाही, वेव्ह किंवा फ्लॅक वापरते, आणि साइज फारच महत्त्वाची असेल तर ऑग व्हॉर्बिस, त्यात शेवट नेमक्या कितव्या सॅम्पलला आहे याची नोंद असते. फक्त तुमच्या टार्गेट ब्राउझरमध्ये ऑग चालतं ना ते आधी बघा.

आता दुसरी भानगड, ती जास्त महत्त्वाची. 'एन्डेड' इव्हेंट तुमच्यापर्यंत येतो तोवर आवाज ऑलरेडी संपलेला असतो! मग तो इव्हेंट रांगेत उभा राहणार, जावास्क्रिप्टला सवड मिळाली की तुमचं फंक्शन चालणार, मग प्ले, मग फाइल पहिल्यापासून परत डिकोड, या प्रत्येक पायरीला थोडे थोडे मिलिसेकंद जातात, आणि ते दर वेळी सारखेही नसतात, म्हणून कधी गॅप छोटी वाटते कधी मोठी. हे एकदा डोक्यात पक्कं बसलं की बाकीची अर्धी दुखणी आपोआप जातात : लूप म्हणजे 'संपलं की परत वाजव' नाही. नीट केलेल्या लूपमध्ये आवाज संपतच नाही, मेमरीतल्या सॅम्पलच्या रांगेत आपण आत्ता कुठे वाचतोय तो आकडा फक्त शेवटावरून मागे उडी मारतो, आणि ती उडी ऑडिओ इंजिनने मारायची असते, तुमच्या कोडने नाही.

तर वेब ऑडिओ, म्हणजे ब्राउझरमधलंच आवाजाचं इंजिन, वापरा. फाइल फेच करा, 'डिकोड ऑडिओ डेटा' करून बफर, म्हणजे मेमरीतली सॅम्पलची रांग, मिळवा, तो वाजवणारा बफर सोर्स नोड बनवून त्याचं 'लूप' ट्रू करा आणि स्टार्ट. एमपीथ्रीच वापरावी लागणार असेल तर 'लूप स्टार्ट' आणि 'लूप एन्ड' सेकंदांत देता येतात, त्या शांततेच्या आतल्या बाजूला ठेवा. दोन गोष्टींत लोक हमखास अडकतात. एक म्हणजे सोर्स नोड एकदाच स्टार्ट होतो, थांबवून परत सुरू करायचा असेल तर नवा नोड बनवायचा, बफर तोच चालतो. दुसरं म्हणजे युजरने कुठेतरी टॅप किंवा क्लिक केल्याशिवाय ब्राउझर सहसा ऑडिओ कॉन्टेक्स्ट, म्हणजे ते इंजिनच, सुरू होऊ देत नाही, त्यामुळे प्ले बटणाच्या हँडलरमध्येच 'रिझ्यूम' करा.

मेमरीचं गणितही करून ठेवा. डिकोड झालेला स्टिरिओ आवाज ४८,००० च्या रेटला, एका सॅम्पलला ४ बाइट धरून, सेकंदाला ३,८४,००० बाइट खातो. ४० सेकंदांचे झाले १५ एमबीच्या आसपास, ठीक आहे. पण उद्या कोणी म्हणालं की १० मिनिटांचा पाऊस टाकू, तर ते २३० एमबी होतात आणि मग मोबाइलवरचा ब्राउझर तग धरेलच असं नाही.

प्रश्न : माझ्याकडे गॅप अजिबात नाहीये, फाइल वेव्ह आहे, लूपही इंजिनच करतंय. तरी प्रत्येक फेरीला एक बारीक 'टक्' येतो. फाइलच्या दोन्ही टोकांना छोटा फेड इन, फेड आउट दिला तर टक् गेला, पण आता तिथे आवाज बसल्यासारखा वाटतो. काय करू?

उत्तर : तो टक् म्हणजे उडी. शेवटच्या सॅम्पलची किंमत समजा ०.६ आहे आणि पहिल्याची उणे ०.२, तर स्पीकरच्या पडद्याला एका सॅम्पलच्या वेळात तिथून इथे यायला सांगितल्यासारखं होतं, आणि कान अशा झटक्याला फार तिखट असतो. तुम्ही दिलेल्या फेडने उडी गेली हे खरं, पण त्या जागी खड्डा पडला, तोच तुम्हाला 'बसल्यासारखा' ऐकू येतोय. टोकांचा फेड एकदाच वाजणाऱ्या आवाजाला ठीक, लूपला नाही.

काय करायचं ते आवाज कुठला आहे यावर ठरतं. इंजिनची घरघर, पंख्याची गुणगुण असा एकसुरी आवाज असेल तर लाट शून्यरेषा ओलांडते तिथे कापा, पण दोन्ही टोकांना लाट एकाच दिशेने जात असली पाहिजे, म्हणजे वर तर दोन्हीकडे वर. एकीकडे चढती आणि दुसरीकडे उतरती असेल तर किंमत जुळते पण सांध्यावर कोपरा राहतो आणि तोही ऐकू येतो. शिवाय पूर्ण आवर्तनं मोजून कापा, १०० हर्ट्झच्या सुराचं एक आवर्तन ४४,१०० ला बरोबर ४४१ सॅम्पलचं असतं, तर लूपची लांबी ४४१ च्या पटीत ठेवा. स्टिरिओत डावी आणि उजवी बाजू एकाच ठिकाणी शून्यावर येईल असं नसतं, तिथे नुसत्या कापण्याने भागत नाही.

पाऊस, वारा, गर्दी असल्या आवाजांना क्रॉसफेडच. आणि तो असा करायचा, कारण बरेच जण इथे गोंधळतात : लूप ४० सेकंदांचा हवा असेल तर रेकॉर्डिंग ४२ सेकंदांचं घ्या, शेवटचे २ सेकंद उचलून पहिल्या २ सेकंदांवर ठेवा, उचललेला तुकडा हळूहळू उतरत जाईल आणि मूळची सुरुवात हळूहळू चढत जाईल असं मिक्स करा, आणि फाइल ४० व्या सेकंदाला कापून टाका. आता ४० व्या सेकंदाला क्लिप मागे उडी मारते तेव्हा समोर जे येतं ते मूळ रेकॉर्डिंगमधलं ४० नंतरचंच असतं, म्हणून सांधा उरतच नाही.

फेडचा आकारही बघा. सरळ रेषेचा फेड असला की मध्यावर दोन्ही आवाज ०.५ वर असतात, आणि एकमेकांशी संबंध नसलेले दोन आवाज तसे मिसळले की तिथे एकूण पातळी ३ डेसिबलने पडते, दर ४० सेकंदांनी पाऊस जरासा दबतो. म्हणून तिथे इक्वल पॉवर कर्व्ह घ्या, त्यात मध्यावर दोघंही ०.७०७ वर असतात. याउलट दोन्ही तुकडे जवळजवळ एकसारखे असतील, वरच्या एकसुरी गुणगुणीसारखे, तर सरळ रेषाच बरोबर, नाहीतर तिथे फुगवटा येतो.

आणि सांधा कितीही बेमालूम झाला तरी क्लिपमध्ये एखादा ओळखू येणारा आवाज असेल, एक मोठा थेंब पत्र्यावर पडलेला किंवा एखाद्या पक्ष्याची हाक, तर तिसऱ्या फेरीला ऐकणाऱ्याच्या लक्षात येतंच, मग त्याला दुसरं काही ऐकूच येत नाही, तो त्या थेंबाची वाट बघत बसतो. असे आवाज आधीच काढून टाका. यावर माझा आवडता उपाय म्हणजे दोन वेगळे लूप एकावर एक लावायचे, एक ३७ सेकंदांचा आणि एक ४१ चा. या दोन आकड्यांत सामाईक काहीच नाही, त्यामुळे दोघं परत एकत्र सुरू व्हायला १,५१७ सेकंद, म्हणजे २५ मिनिटं १७ सेकंद लागतात. दोन छोट्या फाइलमध्ये केवढं मोठं काम होतं बघा!

प्रश्न : ताई, मी जावा शिकतेय. वेव्ह फाइल 'क्लिप'मध्ये ओपन करून स्टार्ट केलं तर काहीच ऐकू येत नाही, प्रोग्रॅम लगेच संपतो. थ्रेड स्लीप टाकलं की वाजतं. आणि लूपला ३ दिलं तर चारदा वाजतं! माझं काय चुकतंय?

उत्तर : तुझं फारसं काही चुकत नाहीये, नावांमुळे घोटाळा झालाय. 'स्टार्ट' म्हणजे 'वाजव आणि संपेपर्यंत थांब' नाही, ते फक्त वाजवायला सांगून लगेच परत येतं. आवाज वेगळ्या थ्रेडवर वाजतो आणि तो थ्रेड डीमन प्रकारचा असतो, म्हणजे त्याच्यासाठी प्रोग्रॅम जिवंत राहत नाही, मेन संपलं की सगळंच संपलं. विंडो असलेल्या ॲपमध्ये हा प्रश्न येत नाही कारण विंडो प्रोग्रॅमला धरून ठेवते. नुसत्या कन्सोलमध्ये स्लीपने अंदाजपंचे थांबण्यापेक्षा क्लिपला लाइन लिसनर (क्लिप सुरू झाली, थांबली हे कळवणारा) लाव आणि 'स्टॉप' इव्हेंट येईपर्यंत काउंटडाउन लॅचवर, म्हणजे थ्रेडला थोपवून धरणाऱ्या जावाच्या क्लासवर, थांब.

लूपला दिलेला ३ म्हणजे 'तीनदा मागे जा', 'तीनदा वाजव' नव्हे. एकदा वाजलं, तीनदा मागे गेलं, झाले चार. पायथनच्या पायगेम लायब्ररीतल्या प्लेमध्येही हेच आहे, तिथेही अनेक जण असेच चकतात. कायम वाजवायचं असेल तर 'लूप कंटिन्युअसली' हा कॉन्स्टंट आहे, त्याची किंमत उणे १.

'सेट लूप पॉइंट्स' मात्र नक्की शिकून घे, त्यात आकडे फ्रेममध्ये द्यायचे (इथे फ्रेम म्हणजे सगळ्या चॅनलचा मिळून एका क्षणाचा सॅम्पल, एमपीथ्रीची फ्रेम नव्हे), सेकंदांत नाही आणि बाइटमध्येही नाही, आणि मोजणी शून्यापासून. दुसरा आकडा उणे १ दिला की शेवटची फ्रेम. याची गंमत अशी की सुरुवातीचा पॉइंट क्लिपच्या मध्ये ठेवला आणि वाजवायला शून्यापासून सुरू केलं तर आधीचा भाग एकदाच वाजतो आणि मग पुढचाच भाग फिरत राहतो, म्हणजे प्रस्तावना एकदा आणि चाल कायम, एकाच फाइलमध्ये. वेब ऑडिओतही 'लूप स्टार्ट' देऊन हेच जमतं. आणि थांबवताना एकदम स्टॉप न करता लूपला ० दे, मग चालू फेरी तोडत नाही, क्लिप शेवटापर्यंत वाजून थांबते.

परत वाजवताना आवाज आला नाही तर क्लिप शेवटावर उभी आहे असं समज, 'सेट फ्रेम पोझिशन' शून्य कर. बटण दाबलं की दर वेळी नवी क्लिप ओपन करायची सवय लावून घेऊ नको, एकदाच ओपन कर आणि तीच वापर. एमपीथ्री जावाच्या मूळ साउंड लायब्ररीत चालत नाही, वेव्हच ठेव.

प्रश्न : आम्ही दोघं मित्र गेम बनवतोय, ड्रम आणि बेस असे दोन लूप वेगवेगळ्या फाइलमध्ये आहेत, १२८ बीपीएम, म्हणजे मिनिटाला १२८ ठोके. सुरुवातीला एकदम जुळून असतात, थोड्या वेळाने एकमेकांपासून सुटतात. प्रत्येक लूप संपायची वेळ टायमरने मोजून आम्ही परत प्ले करतो.

उत्तर : टायमर आधी काढून टाका. गेमचा अपडेट सेकंदाला ६० फ्रेमने चालत असेल तर तुमच्या कोडला १६.७ मिलिसेकंदांतून एकदाच डोळे उघडता येतात, त्याच्या मधे काय झालं ते त्याला कळतच नाही, आणि ड्रमच्या ठोक्यात एवढा फरक पडला की ताल ढासळल्यासारखा वाटतो. ब्राउझरमध्ये तर टॅब मागे गेला की टायमर सेकंदाला एकदा इतका मंदावू शकतो. आवाजाची वेळ आवाजाच्याच घड्याळावर मोजायची. वेब ऑडिओत 'करंट टाइम', युनिटी या गेम इंजिनात 'डीएसपी टाइम'. आत्ताच्या वेळेत एक दशांश सेकंद मिळवा आणि दोन्ही लूपना त्या एकाच वेळेला सुरू व्हायला सांगा, युनिटीत त्यासाठी 'प्ले शेड्यूल्ड' आहे. त्यानंतर फेऱ्या मोजायच्या भानगडीत तुम्ही पडूच नका, इंजिन बघून घेतं.

तरीही सुटत असतील तर फाइलच्या लांबीत फरक आहे, आणि इथे तुमचा १२८ चा आकडा आड येतो. १२८ बीपीएमला एक ठोका ०.४६८७५ सेकंदांचा, ४४,१०० ला म्हणजे २०,६७१.८७५ सॅम्पल. अपूर्णांक! सॅम्पल अर्धा कापता येत नाही, मग एका एडिटरने वर ओढलं, दुसऱ्याने खाली, आणि दोन फाइलमध्ये एका सॅम्पलचा फरक पडला. एकाचा फरक कुठे जाणवणार असं वाटतं, पण साधारण ४ सेकंदांचा लूप तासात ९०० पेक्षा जास्त वेळा फिरतो, म्हणजे २० मिलिसेकंदांहून मोठी तफावत. उपाय सोपा आहे, ८ ठोक्यांचा लूप करा, ते बरोबर १,६५,३७५ सॅम्पल होतात, अपूर्णांक जातो. १६ किंवा ३२ ठोकेही चालतील. आणि लांबी सेकंदांत बघू नका, सॅम्पलमध्ये बघा, एडिटर सेकंद गोल करून दाखवतो.

अजून एक सुचवते. बेस नको असतो तेव्हा तो थांबवू नका, फक्त त्याचा व्हॉल्यूम शून्यावर न्या, लूप आतून चालूच राहू दे. परत हवा तेव्हा व्हॉल्यूम वर, तो आपोआप समेवरच येतो. यासाठी थोडा सीपीयू जास्त जातो, जाऊ दे.

झांजेची किंवा रिव्हर्बची (आवाज घुमण्याची) शेपटी लूपच्या शेवटी तुटत असेल तर एक्स्पोर्ट करताना तोच लूप दोनदा लागोपाठ वाजवा आणि दुसरी फेरी कापून घ्या, पहिलीची शेपटी दुसरीच्या सुरुवातीवर आलेली असते.

प्रश्न : मोबाइल ॲपमध्ये मीडिया प्लेअरला 'सेट लूपिंग' केलंय, अँड्रॉइडवर गॅप येते. पर्याय?

उत्तर : क्लिप अगदी छोटी असेल तर साउंडपूल वापरा, लूपला उणे १ द्या. थोडी मोठी आणि सांधा अचूक हवा असेल तर ऑडिओट्रॅक स्टॅटिक मोडमध्ये (सगळा आवाज आधीच मेमरीत भरून), त्यातही 'सेट लूप पॉइंट्स' आहे. पुढे आयफोनसाठी करणार असाल तर तिथे एव्ही ऑडिओ प्लेअरचं 'नंबर ऑफ लूप्स' उणे १.

प्रश्न : मी सी मध्ये स्वतःचा ऑडिओ कॉलबॅक (आवाजाचा पुढचा तुकडा हवा झाला की सिस्टिम बोलावते ते फंक्शन) लिहिलाय, बफर ५१२ सॅम्पल, क्लिप ८८,२०० सॅम्पलची म्हणजे बरोबर २ सेकंद. क्लिपची टोकं तपासली, शून्यावर आहेत. तरी प्रत्येक फेरीला खाच ऐकू येते.

उत्तर : तुमचा कोड न बघताही अंदाज सांगते, कारण ही चूक मीही केलीये आणि त्यात दोन दिवस फाइललाच दोष देत बसले होते. ८८,२०० ला ५१२ ने भागा, १७२ ब्लॉक (म्हणजे तुमचे ५१२ चे बफर) पूर्ण होतात आणि १३६ सॅम्पल उरतात. म्हणजे १७३ व्या ब्लॉकमध्ये १३६ सॅम्पल भरले, क्लिप संपली, आणि बाकीच्या ३७६ जागा तुम्ही शून्यांनी भरून पोझिशन पुढच्या कॉलबॅकला शून्य करत असणार. ती ३७६ शून्यं म्हणजे साडेआठ मिलिसेकंदांची शांतता. क्लिप संपणं आणि ब्लॉक संपणं यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, तेव्हा ब्लॉक भरता भरता मधेच क्लिप संपली तर तिथल्या तिथे मागे फिरा आणि उरलेला ब्लॉक क्लिपच्या सुरुवातीने भरा. क्लिप ब्लॉकपेक्षा छोटी असेल तर एकाच ब्लॉकमध्ये अनेकदा फिरावं लागेल, म्हणून इफ नको, व्हाइल लिहा.

पुढे वेग किंवा पट्टी बदलायची असेल तर पोझिशन अपूर्णांकात जाईल, तेव्हा शेवट ओलांडला की पोझिशनला सुरुवातीची किंमत देऊ नका, तिच्यातून लूपची लांबी वजा करा, नाहीतर दर फेरीला तो अपूर्णांक गळतो आणि सूर बारीकसा अडखळतो. इंटरपोलेशन करताना, म्हणजे दोन सॅम्पलच्या मधली किंमत काढताना, शेवटच्या सॅम्पलचा 'पुढचा' म्हणजे लूपचा पहिला सॅम्पल, हेही विसरायला होतं. आणि कॉलबॅकमध्ये फाइल वाचणं, मॅलॉक (नवी मेमरी मागणं), लॉक (दुसऱ्या थ्रेडसाठी थांबणं) यातलं काहीही नको, ५१२ सॅम्पलला ११.६ मिलिसेकंद मिळतात आणि त्यात काम झालं नाही तर आवाज तुटतोच.

प्रश्न : सांधा बरोबर जमलाय हे ओळखायचं कसं? सारखं ऐकून ऐकून मला आता काही कळेनासं झालंय.

उत्तर : तसं होतं, कान सरावतो. एडिटरमध्ये क्लिप मधोमध कापा आणि दुसरा अर्धा भाग पहिल्याच्या आधी ठेवा, म्हणजे सांधा फाइलच्या बरोबर मध्यावर येतो. आता झूम करून डोळ्यांनी बघा, लाटेत पायरी किंवा कोपरा दिसतो का. मग हेडफोन लावून ही फाइल अशा कोणालातरी ऐकवा ज्याला सांधा कुठे आहे हे माहीत नाही, आणि कुठे काही खटकलं का एवढंच विचारा. त्याने मध्यावर बोट ठेवलं तर क्रॉसफेड अजून थोडा लांब करून बघा.